‘म्हणाला’ की ‘म्हणाले’?



रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, भाड्याच्या खोलीत तिघे मिळून राहतात. त्यांतला एक नास्तिक. कोणताच देव मानत नाही, घरच्या गणपतीलाही हात जोडत नाही. मुलगा तसा चांगला आहे, हे भगिनी स्वतःच लिहितात. मागच्या पावसाळ्यात यांच्या मुलाला डेंग्यू झाला, तेव्हा रात्री दीड वाजता रिक्षा शोधून दवाखान्यात नेले ते त्यानेच आणि फोनवर ‘काकू, घाबरू नका, मी आहे इथे’ असा धीर दिला तोही त्यानेच. पण एका रात्री गप्पांत त्याने विचारले, ‘मुहम्मदने इतकी लग्ने का केली?’ थेट एकेरीत. यांच्या मुलाचा तोल गेला. शब्दाला शब्द वाढला. आता तो खोली बदलायची म्हणतो. भगिनी विचारतात : जो मानत नाही त्याने खुशाल मानू नये, पण कोट्यवधी माणसे ज्यांना जिवापेक्षा जास्त जपतात, त्यांच्याबद्दल निदान आदराने बोलायला नको का?

असाच प्रश्न मला शाळेतही विचारला जातो, फक्त रागाचे कारण दर वेळी वेगळे असते. म्हणून या महिन्याची पाने त्यालाच देते.

आधी भाषेचे बोलू, कारण भांडण तिथून सुरू झाले. मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते. उर्दूत ‘फरमाया’ म्हटले की अदब त्या शब्दातच आली. मराठीत ती क्रियापदाच्या शेपटीला असते. ‘म्हणाला’चे ‘म्हणाले’ झाले की माणूस एकदम पाटावर बसतो. त्यामुळे ‘मुहम्मदने केले’ हे मराठी मुसलमानाच्या कानाला लागते, ते खरोखरच लागते. त्यात मुलाने नाटक केले असे मी म्हणणार नाही.

पण याच भाषेत आपण ‘अल्लाह देतो’, ‘अल्लाह पाहतो’ म्हणतो. ‘अल्लाह देतात’ असे कुणी म्हटले तर घरातली मोठी माणसे टोकतील, कारण तो एकच आहे. दुआ मागताना तर सरळ ‘तू’. वारकरी आपल्या विठ्ठलाला ‘तू’च म्हणतो आणि आईला साऱ्या महाराष्ट्राची लेकरे एकेरीतच हाक मारतात. ‘अहो-जाहो’ सासऱ्यांना. म्हणजे एकेरी शब्द जवळिकीचाही असू शकतो, तुच्छतेचाही असू शकतो, आणि तिसरा एक प्रकार आहे तो इतिहासाच्या पुस्तकातला. ‘न्यूटनने शोधले’, ‘अकबराने जिंकले’. त्यात प्रेमही नाही आणि अपमानही नाही. गोविंद पानसऱ्यांच्या पुस्तकाचे नाव ‘शिवाजी कोण होता?’ असे आहे आणि महाराजांचे गुण सांगण्यासाठीच ते लिहिलेले आहे, तरी त्या नावातल्या एकेरीवरून अजून वाद होतात. महात्मा फुले यांनी आपल्या प्रेषितांवर मराठीत कवन लिहिले, ‘मानव महंमद’ या नावाने. त्यातही उल्लेख एकेरीच आहे. ते वाचून कुणा मुसलमानाला राग आल्याचे माझ्या ऐकण्यात नाही, कारण ओळीओळीत कौतुक दिसते.

तेव्हा खोलीतल्या त्या मुलाच्या ‘ने’मध्ये नेमके काय होते? भगिनीच्या पत्रावरून तरी मला तिसराच प्रकार वाटतो. त्याच्या मनात आपले प्रेषित न्यूटन-अकबराच्या रांगेत उभे आहेत. आपल्या मनात ते त्या रांगेत नाहीत. हा फरक श्रद्धेचा आहे आणि क्रियापद बदलून तो मिटणार नाही.

इथे मला हुदैबियाचा तह आठवतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो लहानपणी मदरशात किंवा घरी ऐकलेला असतो, पण आजच्या प्रश्नाशी तो जोडून पाहिलेला नसतो. हिजरी सन ६, म्हणजे इ. स. ६२८. प्रेषित मुहम्मद (स.) सुमारे चौदाशे सहाबांना घेऊन उमऱ्यासाठी निघाले होते आणि मक्केच्या कुरैशांनी वाट अडवली. तहाची बोलणी करायला त्यांच्याकडून सुहैल बिन अम्र आला. हजरत अली (रजि.) लिहायला बसले. सुरुवातीच्या बिस्मिल्लाहलाच सुहैल अडला. ‘रहमान’ वगैरे आम्ही जाणत नाही, आमच्या पद्धतीने ‘बिस्मिकल्लाहुम्म’ लिहा, म्हणाला. लिहिले. पुढे ‘अल्लाहचे रसूल मुहम्मद’ असे शब्द आले आणि तो पुन्हा अडला. त्याचे म्हणणे असे की, तुम्ही अल्लाहचे रसूल आहात हे आम्ही मानत असतो तर तुम्हाला काबागृहापासून अडवलेच नसते. वडिलांचे नाव लावा, मुहम्मद बिन अब्दुल्लाह असे लिहा.

विचार करून पाहा. समोर चौदाशे माणसे आहेत, जीव ओवाळून टाकणारी. आणि एक न मानणारा माणूस त्यांच्या तोंडावर सांगतो की हे बिरुद मी कागदावर येऊ देणार नाही. सहाबांचा संताप झाला. हजरत अली (रजि.) यांचा हात ते शब्द खोडायला धजेना. तेव्हा प्रेषितांनी (स.) स्वतः ते शब्द पुसले. तुम्ही नाकारले तरी मी अल्लाहचा रसूल आहेच, एवढे सांगितले आणि त्याला हवे तसे लिहू दिले.

सुहैलच्या म्हणण्यात एक प्रामाणिकपणा होता. जे मी मानत नाही त्यावर मी सही कशी करू? ‘रसूल’ हे नुसते आदराचे संबोधन नाही, ते कलम्याचे अर्धे अंग आहे. ते ज्याने उच्चारले तो मुसलमान झाला. जो झाला नाही त्याच्याकडून ते वदवून घेण्यात काय अर्थ आहे? प्रेषितांनी (स.) तो हट्ट धरला नाही. तो आपण पुण्यातल्या एका विद्यार्थ्याकडे धरावा का, हे भगिनींनी आपल्या मुलालाच विचारावे.

याच सुहैलची आणखी एक हकीकत सीरतच्या ग्रंथांत येते. तो मोठा वक्ता होता आणि इस्लामविरुद्ध भाषणे करायचा. बद्रच्या लढाईत तो कैदी म्हणून हाती लागला, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी सुचवले की याचे पुढचे दात पाडू, म्हणजे पुन्हा विरोधात बोलता येणार नाही. प्रेषितांनी (स.) नकार दिला. मक्का जिंकल्यावर हाच सुहैल मुसलमान झाला आणि प्रेषितांच्या निधनानंतर मक्केत चलबिचल सुरू झाली तेव्हा लोकांना त्यानेच सावरून धरले. तेही त्याच जिभेने.

दुसरे नाव मुतइम बिन अदीचे. हे नाव आपल्या घरांत फारसे घेतले जात नाही, याचे मला नवल वाटते. ताइफच्या लोकांनी दगड मारून परत पाठवल्यावर प्रेषितांना (स.) मक्केत शिरायलाही कुणाचा तरी आश्रय हवा होता. ज्यांनी तो द्यायचे नाकारले त्यांत वरचा सुहैलही होता. मुतइमने दिला. तो मुसलमान नव्हता, पुढेही झाला नाही. पण आपल्या मुलांना शस्त्रे घेऊन काब्यापाशी उभे केले आणि या माणसाला मी आश्रय दिला आहे असे जाहीर केले. त्याआधी बनू हाशिमवरचा बहिष्कार मोडून काढणाऱ्यांतही तो होता. बद्रच्या आधीच तो वारला. बद्रच्या कैद्यांबद्दल प्रेषित (स.) म्हणाले की, आज मुतइम हयात असता आणि त्याने या लोकांसाठी शब्द टाकला असता, तर मी त्याच्याखातर सगळ्यांना सोडून दिले असते. ही हदीस बुखारीत आहे.

मुतइम आपल्या प्रेषितांचा उल्लेख कोणत्या शब्दांनी करत होता, ते कुणी नोंदवून ठेवलेले नाही. नोंद राहिली ती त्याने काय केले याची. ज्याने रात्री दीड वाजता रिक्षा शोधली, त्या मुलाचा हिशेब मांडताना ही नोंद हाताशी असलेली बरी.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही सगळेच माफ करून टाकले. तसे नाही. प्रश्न विचारणे, न मानणे, बिरुद न लावणे हे एका बाजूला. आणि कुणाची आई-बहीण काढावी तसे ठरवून घाण लिहिणे, चित्रे काढणे, ती दहा ग्रुपांवर पाठवून मजा बघणे हे अगदी दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या प्रकाराला मी टीका म्हणणार नाही. त्यात समोरच्याला काही पटवायचेच नसते, फक्त दुखवायचे असते. न मानणाऱ्या माणसाकडून आपण हक्काने काही मागू शकतो तर एवढेच, की त्याने हे करू नये. आणि ते मागण्यासाठी आपल्या देशात कायदाही आहे.

त्या कायद्याचा जन्म ठाऊक असावा. १९२४ साली लाहोरात प्रेषितांच्या खासगी जीवनावर एक गलिच्छ पुस्तिका निघाली. तिचे नाव इथे छापायची गरज नाही. प्रकाशकाला खालच्या कोर्टात शिक्षा झाली, पण १९२७ मध्ये लाहोर हायकोर्टाने त्याला सोडले, कारण दिवंगत धर्मपुरुषाची निंदा तेव्हाच्या कलमात बसत नव्हती. त्यानंतर त्याच वर्षी दंडविधानात कलम २९५-अ आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम २९९ म्हणून आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. यातला महत्त्वाचा शब्द हेतूचा आहे. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने भावना दुखावल्या तरच गुन्हा. कलमाची चर्चा झाली तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात बॅरिस्टर जिना यांनीच बजावले होते की, धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारा माणूस यात अडकता कामा नये. प्रेषितांचा अपमान झाला म्हणून जो कायदा आला, त्याच्या वेळी एका मुस्लिम पुढाऱ्याने हे म्हटले होते, हे आज आपल्यातही फार थोड्यांना माहीत आहे.

आणि कायदा आल्यानंतरही १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झाला. मारणारा कोवळा तरुण होता, त्याला त्याच वर्षी फाशी झाली. दोन घरे बसली. ती पुस्तिका त्या खुनामुळे पुसली गेली नाही, उलट शंभर वर्षांनीही तिचे नाव लोकांना ठाऊक आहे.

आजची साधने वेगळी आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये साताऱ्याच्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त होऊन दंगल उसळली, मशिदीवर हल्ला झाला, एक माणूस जिवानिशी गेला. अशा गोष्टी आठवल्या की माझ्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांच्या हातातले मोबाइल मला स्फोटकांसारखे वाटतात. ‘त्यांनी आमच्याबद्दल टाकले म्हणून मी त्यांच्याबद्दल टाकले’ हे वाक्य मी मुसलमान मुलांच्या तोंडून ऐकले आहे, हिंदू मुलांच्याही. कलम २९९ दोघांनाही लागू आहे, हे मी दोघांनाही सांगते.

मग चेष्टा ऐकू आली तर करायचे काय? कुरआनने याचे उत्तर दिले आहे, आणि ते इतके साधे आहे की आपले लक्ष जात नाही. सूरह निसाच्या १४०व्या आयतीचा आशय असा : अल्लाहच्या आयतींची थट्टा चाललेली ऐकलीत तर त्या लोकांसोबत बसू नका, जोवर ते दुसऱ्या विषयाकडे वळत नाहीत तोवर. हात उगारा असे त्यात नाही. कायमचे नाते तोडा असेही नाही. उठा, बाहेर जाऊन चहा पिऊन या. विषय बदलला की परत बसायला हरकत नाही. म्हणजे खरोखर थट्टाच झाली असती, तरीही खोली बदलायची वेळ आली नसती.

इथे तर थट्टाही नव्हती, प्रश्न होता. मला भगिनीच्या मुलाच्या रागापेक्षा त्याच्या गप्प बसण्याची काळजी वाटते. पत्रात तो काय ओरडला ते आहे, त्याने उत्तर काय दिले ते कुठेच नाही. पंचविसाव्या वर्षी प्रेषितांचा विवाह हजरत खदीजा (रजि.) यांच्याशी झाला, त्या विधवा होत्या, वयाने मोठ्या होत्या. पुढची सुमारे पंचवीस वर्षे, त्यांचा इंतकाल होईपर्यंत, घरात दुसरी पत्नी नव्हती. तारुण्य सगळे एका पत्नीसोबत गेले. नंतरचे विवाह पन्नाशीच्या पुढचे, आणि त्यांत हजरत आयेशा (रजि.) सोडल्या तर बाकी सगळ्या विधवा किंवा घटस्फोटिता. इतके सांगायला पाच मिनिटे लागतात. त्यावर तो मित्र आणखी प्रश्न विचारील, विचारू दे. उर्दूत सीरतची ढीगभर पुस्तके आहेत. उर्दू येत नसेल तर साने गुरुजींनी मराठीत ‘इस्लामी संस्कृती’ लिहून ठेवले आहे. तेही एका मुसलमान नसलेल्या माणसाने, आणि किती मायेने!

आणि मित्राला एक विनंतीही करता येते. ‘तू मानू नकोस, पण माझ्यासमोर बोलताना “म्हणाले” म्हणालास तर मला बरे वाटेल.’ विनंती म्हणून. घरी काकूंशी आदराने बोलणारा मुलगा ती नाकारील असे मला वाटत नाही. हुकूम म्हणून सांगितले तर मात्र नाकारीलच, आणि त्याच्या जागी मीही नाकारले असते.

आता पत्रात नसलेली एक गोष्ट. ‘न मानणारे’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुसरेच कुणीतरी येते. पण या महाराष्ट्रात आपण स्वतः न मानणारे आहोत. शेजारच्या घरातला गणपती, आषाढीची वारी, नवरात्रातले घट यांतले काहीच आपल्या अकीद्यात बसत नाही. त्या घरांच्या दृष्टीने पाहिले तर आपण त्या खोलीतल्या मुलासारखेच आहोत. ते कसे वागतात हे मोजण्याआधी आपण कसे वागतो ते पाहू.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी बातमी देशभर पसरली. मी तेव्हा शाळेत होते. देवळांपुढे रांगा लागल्या, दूध मिळेना. आमच्या मोहल्ल्यात दिवसभर हसण्याचा पूर होता आणि त्यातले काही विनोद मुलांसमोर बोलण्यासारखे नव्हते. त्याच काळात शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले की चमच्यातले दूध पृष्ठताणामुळे मूर्तीला चिकटून ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते. न मानण्याच्या या दोन पद्धती एकाच दिवसांत पाहायला मिळाल्या. शास्त्रज्ञांनी कुणाच्या देवाला नाव ठेवले नाही.

सूरह अनआमच्या १०८व्या आयतीत अल्लाहने आपल्याला स्पष्ट बजावले आहे की, हे लोक अल्लाहला सोडून ज्यांना पुकारतात त्यांना शिव्या देऊ नका. नाहीतर तेही अज्ञानापोटी अल्लाहबद्दल वाईट बोलतील. त्यांच्या श्रद्धेशी सहमत व्हा असे यात म्हटलेले नाही. जिभेला लगाम घाला इतकेच. म्हणजे आपल्या श्रद्धास्थानांच्या आदराची जबाबदारी काही अंशी आपल्याच तोंडावर टाकलेली आहे.

हे जमते, आणि जमलेले आपण पाहिले आहे. २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पंढरपुरासह राज्यात ठिकठिकाणच्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करता दुसऱ्या दिवशी करायचे ठरवले. शरीअतमध्ये त्यासाठी पुढचे दिवस मोकळे असतातच, त्यामुळे दीनमध्ये काही उणे झाले नाही. त्यांपैकी कुणी विठ्ठलाला मानू लागला का? नाही. मुळात तशी अपेक्षा वारकऱ्यांनीही केली नव्हती.

एक अडचण मात्र राहते आणि ती टाळून चालणार नाही. ‘पुष्कळ लोक मानतात’ एवढ्यावरच एखादी समजूत प्रश्नांपासून सुटली पाहिजे का? मला नाही वाटत. आपल्याच वस्त्यांत तावीज-गंड्यांची दुकाने चालतात, आजारी मुलीला डॉक्टरकडे न नेता ‘बाहेरचे आहे’ म्हणून हजारो रुपये घेणारे बाबा बसतात. त्यावर पुष्कळ घरांचा विश्वास आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर असल्याच भोंदूंविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिले. देव-धर्म मानणाऱ्यांशी माझे भांडण नाही, लुबाडणाऱ्यांशी आहे, असे ते सांगत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या प्रश्नांनी त्या आजारी मुलीचा फायदाच झाला असता. श्रद्धेचा आदर राखा, हे वाक्य त्या बाबाच्या तोंडी गेले की तेच त्याची ढाल होते.

आणि बहुसंख्यांच्या समजुतीपुढे एकट्याने उभे राहिलेले सर्वांत मोठे उदाहरण तर हजरत इब्राहीम (अ.) यांचेच आहे. सगळे गाव एका बाजूला, घरही त्याच बाजूला. त्यांनी मूर्ती फोडल्याचा प्रसंग आपल्या मुलांना पाठ असतो. वडिलांशी ते कसे बोलले, हे मात्र आपण शिकवत नाही. सूरह मरयममध्ये ते वडिलांना प्रश्न विचारतात, की जे ऐकत नाही, पाहत नाही, तुमच्या काही कामी येत नाही त्याची पूजा का करता? प्रश्न सरळ आणि कठोर आहे. पण चारही आयतींत ‘या अबति’ ही हाक येते. उर्दूत ‘अब्बाजान’ म्हणावे तसा तो शब्द आहे. वडील चिडून दगडांनी मारण्याची धमकी देतात, घराबाहेर हो म्हणतात. तेव्हा मुलगा म्हणतो, तुमच्यावर सलाम असो, मी माझ्या रबकडे तुमच्यासाठी क्षमा मागेन.

सोळाव्या पाऱ्यात, आयत ४१ ते ४७. जुमेरातीला मगरीबनंतर मुलांकडून अर्थासह वाचून घ्या, दहा मिनिटे पुरतात.